सिलिॲक आणि आतड्याचा लिम्फोमा: आजार अनपेक्षित रूपात समोर येतो तेव्हा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिलिॲकमुळे गव्हाचं पथ्य सांभाळणाऱ्यांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून गेली काही वर्षं जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते इथे एकत्र केले आहेत. बरेचसे रात्री उशिरा आलेले असतात. सोबत रिपोर्टचा फोटो असतो आणि शेवटी एकच ओळ: "डॉक्टर, घाबरण्यासारखं आहे का?" बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं. पण काही वेळा लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लिम्फोसाइट पेशींचा कॅन्सर, पुस्तकातल्यासारखा दिसत नाही, म्हणून महिनोन् महिने हातून निसटतो. या पानाचा मोठा भाग त्या "काही वेळा"साठी आहे. इथली उत्तरं तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. आपल्या डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं मात्र यातून नक्की कळेल.

१. सिलिॲक म्हणजे गव्हाची ॲलर्जीच ना? मग त्यातून कॅन्सर कसा होतो?

ॲलर्जी नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, तो हा आजार. डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही जनुकं असलेल्यांपैकी काहींनाच तो होतो. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. अन्नरस ती शोषून घेते आणि या आजारात तीच झडून जाते.

आतड्याच्या अस्तरात पहारेकऱ्यासारख्या टी-लिम्फोसाइट पेशी असतात. ग्लूटेन वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं की त्यांची संख्या वाढते. अस्तराच्या पेशी इंटरल्युकिन-१५ नावाचं रसायन सोडत राहतात, त्यामुळे या पहारेकऱ्यांना वेळच्या वेळी मरण येत नाही. फार थोड्या लोकांत त्यातल्या एखाद्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो आणि तिचीच पिलावळ वाढत जाते. यातून होणाऱ्या कॅन्सरला एन्टेरोपथी-असोसिएटेड टी-सेल लिम्फोमा म्हणतात. पुढे याला मी "ईएटीएल" म्हणेन.

हा संबंध उलगडायला डॉक्टरांनाही बराच काळ लागला. १९३७ साली ब्रिटनमध्ये चरबीयुक्त जुलाब आणि आतड्याचा लिम्फोमा एकत्र असलेल्या रुग्णांचं वर्णन झालं, तेव्हा लिम्फोमामुळे अन्न पचत नाही असा समज होता. क्रम उलटा असावा, आधी पचनाचा आजार आणि मग लिम्फोमा, हे १९६२ साली मांडलं गेलं. गाठ टी-पेशींचीच आहे हे १९८५ मध्ये सिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी आजचं नाव रूढ होऊ लागलं.

२. मला सिलिॲक आहे. मला लिम्फोमा होण्याची शक्यता किती?

फार कमी. ईएटीएल पाश्चात्त्य देशांतसुद्धा वर्षाला दहा लाखांत एखाद्याला होतो. सिलिॲक असलेल्या शंभर जणांतल्या एकालाही तो आयुष्यभरात होत नाही. स्वीडनमध्ये ७,६२५ सिलिॲक रुग्णांचा मागोवा घेणारा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पथ्यानंतर आतडं भरून आलेल्यांत लिम्फोमाचा धोका सर्वसामान्यांच्या दीडपट होता. ज्यांची लव झडलेलीच राहिली, त्यांच्यात तो पावणेचार पट निघाला. मुळात दुर्मीळ असलेल्या गोष्टीची ही पट आहे, हे विसरू नका.

धोका जास्त कोणाला? पन्नाशीनंतर निदान झालेल्यांना, निदानाआधी अनेक वर्षं त्रास अंगावर काढलेल्यांना आणि पथ्य धरसोडीने पाळणाऱ्यांना. लहानपणी निदान होऊन नीट पथ्य पाळणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी या काळजीने झोप घालवू नये. मुलांमध्ये ईएटीएल जवळपास दिसतच नाही.

३. लिम्फोमा नेहमी कसा लक्षात येतो?

साधारण साठीच्या आसपासची व्यक्ती असते. पथ्याने बरी झालेली असते आणि अचानक जुलाब परततात, पोट दुखू लागतं, वजन उतरतं. ताप असतो किंवा रात्री घामाने कपडे भिजतात. गाठ बहुधा लहान आतड्याच्या मधल्या भागात, जेजुनममध्ये असते आणि बऱ्याचदा एकाच वेळी अनेक ठिकाणी व्रण असतात. हे चित्र डॉक्टरांना ठाऊक असतं. प्रश्न ६ ते ११ या चित्रात न बसणाऱ्या रुग्णांबद्दल आहेत.

४. दोन वर्षं काटेकोर पथ्य पाळतेय, तरी पुन्हा जुलाब सुरू झाले. हा लिम्फोमाच असेल का?

पहिल्यांदा इतर कारणं शोधायची आणि त्यात सगळ्यात आधी लपलेलं ग्लूटेन. आपल्या स्वयंपाकघरात ते नेमकं कुठे दडतं, हे परदेशी यादीत सापडत नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा असतो आणि तो रोज प्रत्येक फोडणीत पडतो. ज्वारी-बाजरी दळायला दिलेल्या गिरणीत आधी गव्हाचं दळण झालेलं असतं. थालिपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो. कुरडया तर गव्हाच्याच चिकाच्या. आपल्याकडच्या सातूच्या पिठातही गहू असतो. उत्तरेकडचं सत्तू हरभऱ्याचं म्हणून ते वाचून कोणी हे खाल्लं तर फसगत होते. पाकिटावर "ग्लूटेन-फ्री" लिहायचं तर आपल्या एफएसएसएआयच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन चालत नाही, म्हणून सुट्या पिठापेक्षा तसं पाकीट बरं.

त्यानंतर दूध न पचणं, स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडणं, लहान आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ, जिआर्डिया हा परजीवी, मायक्रोस्कोपिक कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज), थायरॉइड ही कारणं तपासायची. रक्तदाबाची गोळीही पाहायची. ओल्मेसार्टन या औषधाने हुबेहूब सिलिॲकसारखं आतडं खराब होऊ शकतं. २०१२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि औषध थांबवल्यावर ते बरे झाले. तरी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.

इथे मला एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. रुग्ण परत आजारी पडला की "तुम्ही कुठेतरी गहू खाल्ला असणार" हे वाक्य दवाखान्यात आणि घरातही फार सहज बोललं जातं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण आहारतज्ज्ञांनी आठवडाभराचं खाणं तपासलं, टीटीजी (सिलिॲकची रक्तातली प्रतिपिंड तपासणी) उतरलेलं आहे आणि तरीही वजन घटतंय, अशा वेळी तेच वाक्य पुन्हा ऐकवणं म्हणजे रुग्णावर अविश्वास दाखवून तपास लांबवणं. त्या टप्प्यावर पुढच्या प्रश्नाकडे वळलंच पाहिजे.

५. डॉक्टर "रिफ्रॅक्टरी सिलिॲक" म्हणाले. टाइप एक आणि टाइप दोनमध्ये काय फरक?

साधारण वर्षभर कडक पथ्य पाळूनही त्रास टिकून राहिला, बायोप्सीत लव झडलेलीच दिसली आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर त्याला रिफ्रॅक्टरी सिलिॲक म्हणतात. टाइप एकमध्ये अस्तरातल्या लिम्फोसाइट संख्येने वाढलेल्या असल्या तरी वळणाने नेहमीसारख्या असतात. औषधांनी हा बहुधा आटोक्यात येतो.

टाइप दोनमध्ये त्यातल्या पुष्कळ पेशींच्या पृष्ठभागावरची सीडी३ आणि सीडी८ ही ओळखचिन्हं नाहीशी झालेली असतात आणि त्या सगळ्या एकाच पेशीच्या वंशातल्या असतात. हा कॅन्सरच्या उंबरठ्यावरचा आजार आहे. पाच वर्षांत यातल्या साधारण तिसरा हिस्सा ते निम्म्या रुग्णांत ईएटीएल होतो.

फरक ठरवायला नेहमीची बायोप्सी अपुरी पडते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, टी-सेल रिसेप्टरची क्लोनॅलिटी आणि शक्य असेल तिथे फ्लो सायटोमेट्री लागते. फ्लोसाठी तुकडे ताजे पाठवावे लागतात, फॉर्मालिनमध्ये बुडवलेले चालत नाहीत. म्हणून ही तपासणी करायची की नाही, हे एंडोस्कोपीच्या आधी ठरवून घ्या. नंतर आठवण झाली तर दुर्बीण पुन्हा घालावी लागते.

६. बाबांना सिलिॲक आहे हेच माहीत नव्हतं. अचानक आतडं फुटलं, ऑपरेशन झालं आणि रिपोर्टमध्ये लिम्फोमा आला. असं होतं का?

होतं. अनपेक्षित रूपांतलं सगळ्यात जास्त दिसणारं रूप हेच. कित्येक रुग्णांची पहिली ओळख थेट ऑपरेशनच्या टेबलावर होते, कारण व्रण खोल जाऊन आतड्याला भोक पडतं किंवा आतडं आकसून वाट बंद होते. मागे वळून विचारलं की घरचे सांगतात, "हिमोग्लोबिन कधीच वर यायचं नाही, लोहाच्या गोळ्या लागूच पडायच्या नाहीत." कोणाची हाडं लवकर ठिसूळ झालेली असतात. सिलिॲक वीस वर्षं असा गुपचूप राहिलेला असतो.

अशा वेळी सर्जन आणि पॅथॉलॉजिस्टना एक विनंती जरूर करा. काढलेल्या तुकड्यात गाठीपासून दूरचं, वरवर निरोगी दिसणारं आतडंही तपासा. तिथे लव झडलेली आणि लिम्फोसाइट वाढलेल्या दिसल्या तर लिम्फोमाचा प्रकार ठरवायला मोठी मदत होते. प्रकार का महत्त्वाचा, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

७. जुलाब नाहीत, पोटही दुखत नाही. फक्त महिनाभर ताप आहे आणि रक्तपेशी कमी होत आहेत. तरी आतड्याचा लिम्फोमा असू शकतो?

असू शकतो, पण क्वचित. लिम्फोमामुळे कधी कधी प्रतिकारशक्तीचा असा भडका उडतो की शरीर स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतं. याला हिमोफॅगोसायटिक सिंड्रोम म्हणतात. ताप उतरत नाही, तिन्ही प्रकारच्या पेशी घटतात, यकृत आणि प्लीहा वाढू शकतात, फेरिटिन हजारोंच्या घरात जातं, ट्रायग्लिसराइड वाढतात आणि फायब्रिनोजेन खाली येतं.

आपल्याकडे ताप आणि कमी प्लेटलेट म्हटलं की आधी डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड तपासतात आणि ते योग्यच आहे. पण त्या तपासण्या निगेटिव्ह आल्या आणि रुग्णाला सिलिॲक आहे, तर ही गोष्ट स्वतःहून डॉक्टरांना सांगा. तापावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पोटाची जुनी फाइल पोचलेलीच नसते. इथे उशीर जिवावर बेतू शकतो.

८. अंगावर गाठी किंवा चट्टे उठलेत. त्याचा आतड्याशी काय संबंध?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोपर, गुडघे, पार्श्वभागावर खूप खाजणारे बारीक फोड येतात, तो डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. तो सिलिॲकचाच त्वचेवरचा अवतार आहे, कॅन्सर नव्हे आणि पथ्याने तो हळूहळू आवरतो.

त्वचेखाली घट्ट गाठी येणं किंवा न भरणारे जांभळट व्रण होणं वेगळं. रिफ्रॅक्टरी टाइप दोनमधल्या बिघडलेल्या पेशी आतड्याबाहेरही भटकतात आणि त्यांचं एक आवडतं ठिकाण त्वचा आहे. असा व्रण "इन्फेक्शन" म्हणून मलमांवर काढू नका. त्याची बायोप्सी करा आणि सोबतच्या कागदावर सिलिॲकची नोंद ठळक लिहायला सांगा. आतड्यातली गाठ सापडायच्या आधी तिचं निदान त्वचेच्या तुकड्यातून होऊ शकतं.

९. पाय सुजलेत, पोटात पाणी आहे. किडनी आणि लिव्हर दोन्ही ठीक निघाले. मग?

अल्ब्युमिन पाहा. व्रण पडलेल्या आतड्यातून प्रथिनं गळत राहिली की रक्तातलं अल्ब्युमिन उतरतं आणि सूज येते. पथ्याने सावरलेल्या सिलिॲक रुग्णात अल्ब्युमिन पुन्हा घसरणं ही मी फार गंभीरपणे घेण्याची गोष्ट मानतो, मग जुलाब असोत वा नसोत. व्रण घेऊन बसलेल्या आतड्याच्या या अवस्थेला अल्सरेटिव्ह जेजुनायटिस म्हणतात आणि त्या व्रणांच्या कडेला लिम्फोमा दडलेला असू शकतो.

१०. सीटी स्कॅनमध्ये "पोकळ झालेल्या गाठी" आणि "लहान प्लीहा" लिहिलंय. हे काय आहे?

सिलिॲकमधली ही दुर्मीळ पण ठळक खूण आहे. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यातल्या लसिकाग्रंथी आतून विरघळून त्यात दुधाळ द्रव भरतो आणि सोबत प्लीहा आकसलेली असते. सिलिॲक बराच काळ बिनउपचार किंवा रिफ्रॅक्टरी राहिलेल्यांत हे दिसतं. हा प्रकार स्वतः कॅन्सर नाही, पण तशाच गाठी लिम्फोमातही दिसू शकतात. म्हणून नुसत्या फोटोवर निकाल न देता ऊतीचा तुकडा मिळवावा लागतो.

प्लीहा काम करत नसेल तर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा संसर्ग झपाट्याने वाढतो. रक्ताच्या काचेवर हॉवेल-जॉली बॉडीज (तांबड्या पेशींत उरलेले केंद्रकाचे ठिपके) दिसल्या तर तोच इशारा समजा. लसींबद्दल डॉक्टरांना विचारा आणि थंडी वाजून ताप आला तर घरी वाट पाहू नका.

११. आईला आतड्याचा टीबी म्हणून औषधं सुरू केलीत. दोन महिने झाले, फरक नाही. पुढे काय?

भारतातून येणाऱ्या प्रश्नांत हा सगळ्यात कळीचा. ताप, वजन घटणं, पोटात गाठी, आतड्यात व्रण आणि आकसलेली जागा, हे सगळं टीबीतही असतं आणि लिम्फोमातही. आपल्याकडे टीबी इतका जास्त आहे की डॉक्टरांनी तो आधी मनात आणणं चूक नाही. अडचण होते ती पुरावा नसताना सुरू केलेल्या उपचाराचा हिशेब नंतर कोणी मागत नाही तेव्हा.

टीबीची आवडती जागा लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा, म्हणजे उजव्या कुशीत खाली. ईएटीएल बहुधा वर जेजुनममध्ये. हा नियम नाही, पण जेजुनममधले व्रण आणि सोबत सिलिॲक असेल, तर नुसत्या अंदाजावर टीबीचा शिक्का मारू नये. औषधं सुरू केलीच तर दोन महिन्यांच्या आसपास ठरवून तपासणी हवी: ताप गेला का, वजन चढलं का, व्रण भरले का. टीबी असेल आणि औषधाला दाद देत असेल तर तोवर बदल दिसायला हवा. दिसला नाही तर "आणखी थोडं थांबू" म्हणण्याऐवजी पुन्हा बायोप्सी करा. औषध न मानणारा टीबी हीसुद्धा शक्यता असते आणि तिचाही निकाल नमुन्यातूनच लागतो.

घरच्यांना माझी विनंती: औषधं सुरू करण्यापूर्वी आणि नंतर दर पंधरा दिवसांनी वजन एका वहीत लिहा. "जरा बरं वाटतंय"पेक्षा ती वही डॉक्टरांच्या जास्त कामाची आहे.

१२. एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही नॉर्मल. मग लिम्फोमा नाही असं समजू?

लगेच नाही. वरची दुर्बीण ड्युओडेनमपर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागापर्यंत पोचते आणि खालची लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत. मधलं कित्येक फूट आतडं दोन्हींच्या आवाक्याबाहेर राहतं आणि ईएटीएलची नेहमीची जागा नेमकी तिथे आहे.

त्या भागासाठी सीटी किंवा एमआर एन्टरोग्राफी, कॅप्सूल एंडोस्कोपी आणि बलून एन्टरोस्कोपी असे मार्ग आहेत. कॅप्सूल गिळायला सोपी, पण आकसलेल्या जागी ती अडकू शकते आणि ती काढायला ऑपरेशन लागू शकतं. म्हणून आधी एन्टरोग्राफी करावी किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल द्यावी. शिवाय कॅप्सूल फक्त फोटो काढते. तुकडा घ्यायला बलून एन्टरोस्कोपीच लागते. पेट-सीटी गाठ कुठे सक्रिय आहे हे दाखवतो, पण नुसत्या सुजेनेही आतडं त्यात उजळू शकतं. कधी कधी हे सगळं करूनही प्रश्न सुटत नाही आणि लॅप्रोस्कोपीने आतड्याचा पूर्ण जाडीचा तुकडा घ्यावा लागतो.

१३. टीटीजी एकदम नॉर्मल आहे. ही दिलाशाची गोष्ट नाही का?

पथ्याच्या बाबतीत दिलाशाची, लिम्फोमाच्या बाबतीत नाही. टीटीजी ग्लूटेनवरची प्रतिक्रिया मोजतं, गाठ मोजत नाही. उलट पथ्य उत्तम, टीटीजी नॉर्मल आणि तरी तब्येत ढासळतेय, हा मेळ संशय वाढवणारा आहे. प्रश्न ४ चा शेवट पुन्हा वाचा.

१४. स्टिरॉइड दिल्यावर खूप बरं वाटलं. म्हणजे कॅन्सर नव्हताच ना?

असं म्हणता येत नाही. लिम्फोमाच्या पेशीही स्टिरॉइडने काही काळ दबतात. भूक लागते, ताप जातो, घरात आनंद होतो आणि डोस कमी करताच सगळं परत येतं. मधल्या काळात घेतलेली बायोप्सी फसवी निघू शकते. म्हणून रुग्णाची तब्येत परवानगी देत असेल तर आधी पुरेसे तुकडे, मग स्टिरॉइड.

१५. एका रिपोर्टमध्ये "बी-सेल", दुसऱ्यात "एमईआयटीएल", तिसऱ्यात "इंडोलंट". आम्ही गोंधळलोय.

गोंधळ स्वाभाविक आहे, कारण सिलिॲक रुग्णाच्या आतड्यातला प्रत्येक लिम्फोमा ईएटीएल नसतो.

बी-पेशींचा डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाही सिलिॲकमध्ये थोडा जास्त आढळतो. त्याचे उपचार वेगळे आहेत, रिटुक्सिमॅब त्याला लागू पडतं आणि निकाल बरेच चांगले असतात.

एमईआयटीएल (मोनोमॉर्फिक एपिथेलिओट्रॉपिक इंटेस्टायनल टी-सेल लिम्फोमा) पूर्वी ईएटीएलचा "टाइप दोन" मानला जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २०१६ च्या सुधारणेने तो वेगळा केला. आशियाई लोकांत तो तुलनेने जास्त दिसतो आणि सिलिॲकशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे या रिपोर्टवरून कुटुंबाचा गहू बंद करू नका. रिफ्रॅक्टरी सिलिॲकचा टाइप दोन हा यापेक्षा अगदी वेगळा आहे, नावाच्या सारखेपणावर जाऊ नका.

"इंडोलंट" म्हणजे संथ प्रकार. यात आतड्यात टी-पेशींचा थर असतो, लव झडलेली असते, जुलाब असतात, पण आजार वर्षानुवर्षं जवळपास जागेवर राहतो. रिफ्रॅक्टरी सिलिॲकशी तो इतका मिळताजुळता आहे की चुकण्याची भीती दोन्ही बाजूंनी असते. याला ईएटीएल समजून जबर केमोथेरपी दिली तर आजारापेक्षा औषधानेच जास्त नुकसान होतं.

चौथा एक प्रकार आपल्या भागातल्या वाचकांनी लक्षात ठेवावा: आयपीएसआयडी (इम्युनोप्रोलिफरेटिव्ह स्मॉल इंटेस्टायनल डिसीज), लहान आतड्यातला बी-पेशींचा लिम्फोमा. भूमध्य समुद्राच्या परिसरात आणि भारतातही, अस्वच्छ पाणी वाट्याला येणाऱ्या तरुणांत तो दिसत आला आहे. जुलाब, वजन घटणं, बोटांची टोकं फुगीर होणं ही त्याची लक्षणं. २००४ साली त्याचा कॅम्पिलोबॅक्टर जंतूशी संबंध दाखवला गेला. सुरुवातीच्या टप्प्यात तो टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकांनी बरा होऊ शकतो. सिलिॲक समजून नुसतं पथ्य सांगितलं तर ही संधी हातची जाते.

म्हणून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्या आणि लिम्फोमा रोज पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून दुसरं मत घ्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर केंद्रांत बाहेरच्या स्लाइड तपासल्या जातात. ब्लॉक मागितला तर पहिल्या डॉक्टरांना राग येईल अशी भीती अनेकांना वाटते. तो मागणं तुमचा हक्क आहे.

१६. लिम्फोमा आतड्याऐवजी दुसरीकडेच आधी दिसला असंही होतं का?

होतं, पण विरळा. यकृत, फुप्फुस, अस्थिमज्जा आणि अगदी मेंदूतही ईएटीएल पोचल्याच्या नोंदी आहेत. उपचारांनंतर पोट शांत असताना नवीन डोकेदुखी, तोल जाणं, वागण्यात बदल दिसला तर ते "अशक्तपणामुळे" म्हणून सोडू नका. अर्थात सिलिॲकमध्ये तोल जाणं आणि हातापायांना मुंग्या येणं लिम्फोमाशिवायही होतं, बी१२ किंवा तांब्याच्या कमतरतेनेही होतं. एमआरआय आणि साध्या रक्ततपासण्या दोन्ही करून घ्या. त्वचेबद्दल प्रश्न ८ मध्ये आलंच आहे.

१७. उपचार काय असतात? खरं सांगा, किती आशा धरायची?

आतडं फुटलं किंवा अडलं असेल तर आधी शस्त्रक्रिया. मग केमोथेरपी, बहुधा चॉप (चार औषधांची ठरलेली जोडणी) किंवा त्यासारखी. गाठीच्या पेशींवर सीडी३० हे चिन्ह असेल तर ब्रेन्टुक्सिमॅब हे औषध सोबत देता येतं, म्हणून सीडी३० तपासलंय का हे विचारा. प्रकृती झेपेल अशांना पुढे स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करतात.

हा कठीण आजार आहे. जुन्या नोंदींत बहुतेक रुग्ण वर्षभरही जगत नसत. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी तीव्र केमोथेरपी आणि प्रत्यारोपण अशी पद्धत वापरली. ती सोसू शकलेल्या निवडक रुग्णांपैकी साधारण साठ टक्के पाच वर्षांनी हयात होते. हा आकडा सगळ्यांना लागू होत नाही, कारण मुळात इतके उपचार सोसण्याइतकं बळ पुष्कळांच्या अंगात उरलेलं नसतं.

त्यामुळे पोषण हा उपचाराचाच भाग आहे. अतिशय खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घातलं तर फॉस्फेट आणि पोटॅशियम कोसळून हृदयाला धोका होतो. अन्न हळूहळू वाढवायचं, त्याआधी थायामिन द्यायचं. प्रेमापोटी डबे भरभरून नेणाऱ्या नातेवाइकांनी आधी वॉर्डमधल्या आहारतज्ज्ञांशी बोलावं. आणि केमोच्या पहिल्या फेऱ्यांत गाठ विरघळताना त्याच जागी आतडं फुटू शकतं. अचानक तीव्र पोटदुखी झाली तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा.

१८. आईला हे निघालंय. आम्हा भावंडांना काय करायला हवं?

लिम्फोमासाठी तुमची तपासणी नको, सिलिॲकसाठी हवी. सख्ख्या नातेवाइकांत साधारण दहातल्या एकाला सिलिॲक असतो. टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) अशा दोन तपासण्या एकत्र करा, कारण आयजीए जन्मतःच कमी असेल तर पहिली खोटी निगेटिव्ह येते. आणि ही तपासणी गहू खात असतानाच करायची. आईच्या काळजीने सगळ्या घराने आधीच पोळ्या बंद केल्या आणि मग रक्त दिलं, असं अनेकदा होतं. मग निकालातून काहीच कळत नाही.

१९. आता कॅन्सर झालाच आहे, तर आईने पोळी खाल्ली तर काय बिघडतं? ती सारखी मागते.

उपचार चालू असतील किंवा आजार आटोक्यात आला असेल तर पथ्य सोडू नका. अस्तर भरून येण्यासाठी, औषधं आणि अन्न अंगी लागण्यासाठी आणि बिघडलेल्या पेशींना नवी चिथावणी मिळू नये म्हणून ते लागतंच. घरच्या चक्कीवर दळलेल्या ज्वारीची भाकरी, तांदळाची घावनं, नाचणीची आंबील, वरीचा भात असं मऊ आणि तिच्या सवयीचं द्या. तांदळाच्या पिठाची उकड काढून त्यात पुरण भरलं तर पुरणपोळीची हौसही बऱ्यापैकी भागते.

आजार शेवटच्या टप्प्यात असेल, उपचार थांबवले असतील आणि तिला एक घास खरी पुरणपोळी खावीशी वाटत असेल, तर तो घास नाकारण्याचं वैद्यकीय कारण माझ्याकडे नाही. त्याने जुलाब किंवा पोटदुखी वाढू शकते, एवढं तिला आधी सांगा आणि मग ती म्हणेल तसं करा. हे दाराबाहेर आपापसांत ठरवू नका, तिच्याजवळ बसून तिच्याशी बोला.